वॉर्डाचे दालन होताना: इस्पितळासाठी बांधलेल्या वास्तूतील कलासंग्रहालय

प्रश्न वास्तुकलेच्या अंतिम वर्षातील एका विद्यार्थिनीचा आहे. मुंबईतील एका जुन्या, सध्या रिकाम्या पडलेल्या रुग्णालय-इमारतीचे कलासंग्रहालय करण्याचा प्रकल्प तिने अभ्यासासाठी घेतला आहे. माद्रिदचे रेइना सोफिया संग्रहालय मुळात इस्पितळ होते आणि आपल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्येही काही वर्षे इस्पितळ चालले होते, हे तिच्या वाचनात आले. इस्पितळ म्हणून उभारलेली वास्तू चित्रे आणि शिल्पे मांडायला योग्य असते का, आणि असल्यास तिच्यात काय बदलावे व कशाला हात लावू नये, असे ती विचारते. गेली तीस वर्षे मी मुंबईतील जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करतो आहे, त्यामुळे उत्तर देताना माद्रिदइतकेच परळ आणि काळा घोडाही माझ्या डोळ्यांसमोर राहणार आहेत.

थोडक्यात सांगायचे तर अशा इमारतीच्या भिंती, जिने आणि दारे संग्रहालयाला उत्तम चालतात. खिडक्या चालत नाहीत. बाकीचे सगळे उत्तर या एका अडचणीभोवतीच फिरणार आहे.

रोग दूषित हवेतून पसरतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील डॉक्टरांमध्ये आणि इमारती बांधणाऱ्यांमध्ये पक्की होती. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी वॉर्डाच्या ज्या रचनेचा आग्रह धरला, तिचा पाया हाच होता. लांबट आणि अरुंद खोली, दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या, दोन खिडक्यांमध्ये एक खाट आणि टोकाला संडास-मोरीचा वेगळा भाग, असा तो साचा होता. पुढे जंतूंचा शोध लागला आणि दूषित हवेचा सिद्धांत मागे पडला, तरी हा साचा टिकून राहिला, कारण उजेड आणि वारा रुग्णाला बरे वाटायला मदत करतात हा अनुभव सिद्धांतावर अवलंबून नव्हता. मुंबईच्या दमट उकाड्यात तर तो साचा सोडण्याचे काही कारणच नव्हते. म्हणून आपल्याकडच्या जुन्या वॉर्डांना पंधरा-सोळा फूट उंचीची छते, बाहेरून वऱ्हांडा, झडपांच्या खिडक्या आणि त्यांच्यावर पुन्हा वारा खेळावा म्हणून व्हेंटिलेटर, म्हणजे हवेचे झरोके, असा सगळा सरंजाम दिसतो.

याउलट चित्राला उजेड आणि वारा हे दोन शत्रूच आहेत. जलरंगातील चित्र, लघुचित्र, हस्तलिखित किंवा वस्त्र यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) अधिक प्रकाश पडू देऊ नये, आणि तैलचित्रासाठी १५० ते २०० लक्सपर्यंत मर्यादा ठेवावी, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. मुंबईत एप्रिलच्या दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स असतात. सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आत आणि मुख्य म्हणजे स्थिर ठेवायची असते, तर जुलैमध्ये आपल्याकडे ती कित्येक दिवस ८५ च्या खाली उतरत नाही. त्यात आणखी एक साधी अडचण आहे, जी नकाशावर लक्षात येत नाही आणि पहिले चित्र हातात घेऊन भिंतीपाशी उभे राहिले की लगेच येते. खाटेच्या मापाने आखलेल्या वॉर्डात दोन खिडक्यांमधली भिंत चार-पाच फुटांचीच असते. ती एका खाटेला पुरते; मोठ्या चित्राला नाही. आणि छोटे चित्र तिथे लावले तरी दोन्ही बाजूंच्या उजेडाने पाहणाऱ्याचे डोळे दिपतात, त्यामुळे चित्र आहे त्याहून काळपट दिसते.

आता माद्रिदकडे येऊ, कारण इस्पितळाचे कलासंग्रहालय झाल्याचे ते सर्वांत मोठ्या आवाक्याचे आणि अभ्यासायला सर्वांत उपयोगी असे उदाहरण आहे. सोळाव्या शतकात स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याने शहरात विखुरलेली इस्पितळे एकत्र आणली. अठराव्या शतकात ती जागा अपुरी पडू लागल्यावर फर्नांदो सहावा याने नव्या सार्वजनिक रुग्णालयाचा निर्णय घेतला. पहिले आराखडे होसे दे एर्मोसिया यांचे होते; पुढे कार्लोस तिसरा याच्या कारकिर्दीत ते काम फ्रांचेस्को साबातिनी या मूळच्या पालेर्मोच्या वास्तुविशारदाकडे गेले आणि आजही त्या इमारतीला साबातिनीचेच नाव आहे. १७८८ साली कार्लोस तिसरा वारला आणि बांधकाम थांबले. साबातिनीने जे कल्पिले होते त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग उभा राहिला होता. १८०५ मध्ये तेवढ्याच भागात रुग्ण आले आणि नंतरच्या दीडशे वर्षांत गरजेप्रमाणे त्यात भर पडत, फेरफार होत गेले. म्हणजे आज आपण ज्याला एक भव्य वास्तू म्हणतो तो एका अर्धवट राहिलेल्या बेताचा तुकडा आहे. आपल्याकडेही अनेक ‘पूर्ण’ दिसणाऱ्या जुन्या इमारती अशाच आहेत, आणि जतनाच्या कामात ‘मूळ रूप’ हा शब्द फार जपून वापरावा असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यासाठीच.

हे रुग्णालय १९६५ साली बंद झाले. त्यानंतर ते पाडावे असे अनेकांचे म्हणणे होते. १९७७ मध्ये शासकीय आदेशाने त्याला ऐतिहासिक व कलात्मक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि ते वाचले. १९८० पासून आंतोनियो फर्नांदेस आल्बा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार सुरू झाला, १९८६ मध्ये तिथे कलाकेंद्र उघडले, १९८८ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा देण्यात आला आणि १० सप्टेंबर १९९२ रोजी कायमस्वरूपी संग्रह लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी पिकासोचे ‘गेर्निका’ तिथे आले. सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद असे ते चित्र. वॉर्डातल्या दोन खिडक्यांमधल्या भिंतीची गोष्ट मी वर का काढली, हे आता लक्षात येईल.

या इमारतीत संग्रहालय चांगले बसले याची कारणे माझ्या मते तीन आहेत, आणि त्यांतील एकही सजावटीचे नाही. साबातिनीची वास्तू नाइटिंगेल यांच्या साच्याच्या आधीची आहे. तिच्यात हवेपेक्षा वजनाला, म्हणजे जाड भिंतींना आणि दगड-विटांच्या कमानदार छतांना, अधिक महत्त्व आहे. जाड भिंत तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे आतले तापमान दिवसभरात फारसे चढउतार करत नाही. यंत्राने जे काम करावे लागते त्यातले निम्मे तिथे भिंतच करते. दुसरे कारण मधल्या चौकाचे. चौकाच्या चारही बाजूंनी लांब ओवऱ्या आणि ओवऱ्यांना लागून खोल्या, अशी रचना असल्यामुळे पाहणारा एका जिन्याने वर येतो, चौकाला प्रदक्षिणा घालतो आणि मागचे पाऊल पुन्हा न टाकता परत येतो. संग्रहालयाला अशा फेरीची फार गरज असते. आपल्या वाड्यांची चौकाभोवतीची रचना ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. दररोज हजारो माणसे वर-खाली न्यायची तर लिफ्ट हव्यात, आणि लिफ्टसाठी जुन्या कमानदार छतांना भोके पाडणे म्हणजे त्या छतांचा जीवच घेणे. १९८८ च्या सुमारास होसे लुइस इनिगेस दे ओन्सोन्यो आणि आंतोनियो वास्केस दे कास्त्रो या वास्तुविशारदांनी, ब्रिटिश वास्तुविशारद इयन रिची यांच्या सहकार्याने, लिफ्ट इमारतीच्या बाहेर काढल्या. पोलाद आणि काचेचे तीन मनोरे त्यांनी जुन्या भिंतींना बाहेरून लावून उभे केले. त्यांवर टीका झाली, आजही होते. गंभीर, साध्या दर्शनी भिंतीपुढे ते चकचकीत मनोरे उपरे दिसतात असे म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्या बाजूचा नाही. जे नवे आहे ते नवे दिसते, जुन्याची नक्कल करत नाही, आणि उद्या कुणाला काढून टाकावेसे वाटले तर मूळ वास्तूला फारशी इजा न होता काढता येते. जतनाच्या कामात याहून मोठी सभ्यता मला ठाऊक नाही.

हेच तत्त्व पुढे आणखी मोठ्या प्रमाणात वापरले गेले. सभागृह, ग्रंथालय, फिरत्या प्रदर्शनांसाठी मोठी दालने या गोष्टी जुन्या वॉर्डांत कोंबण्याऐवजी जाँ नुवेल यांनी रचलेल्या नव्या इमारतींत नेण्यात आल्या. २००५ मध्ये पूर्ण झालेल्या या विस्तारामुळे संग्रहालयाचे क्षेत्रफळ साठ टक्क्यांहून अधिक वाढले. जुन्या इमारतीला जे जमते तेवढेच तिच्याकडून मागितले गेले. मुंबईतल्या प्रकल्पांत मी नेमके याच्या उलट पाहत आलो आहे: जागेचा भाव इतका असतो की प्रत्येक मालकाला जुन्या वास्तूच्या पोटातच कॅफे, सभागृह, दुकान आणि वाहनतळ हवा असतो.

युरोपातील आणखी जुन्या इस्पितळांकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. तिथे कला बाहेरून आणावी लागली नाही. ती रुग्णांबरोबरच राहत होती. स्पेनमधील तोलेदो येथे सोळाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले सांता क्रूस हे इस्पितळ क्रुसाच्या आकाराचे आहे, आणि मधल्या छेदावर वेदी, म्हणजे चारही बाहूंतल्या रुग्णाला पडल्यापडल्या पूजा दिसावी. आज ते संग्रहालय आहे. बेल्जियममधील ब्रुज येथे संत योहानाच्या इस्पितळासाठी हान्स मेमलिंगने चित्रे केली, १४८९ मधील संत उर्सुलाच्या अवशेषांची चित्रित पेटी ही त्यांतलीच, आणि ती आजही त्याच वास्तूत आहेत. मात्र माझ्या मुद्द्यासाठी सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्समधील बोनचे आहे. निकोला रोलँ याने १४४३ साली स्थापन केलेल्या तिथल्या इस्पितळात रोगिअर फान डेर वेयडेनचे ‘अंतिम न्याय’ हे अनेक फळ्यांचे चित्र रुग्णांच्या मोठ्या दालनाला लागून असलेल्या प्रार्थनास्थानी होते. या इमारतीने १९७१ पर्यंत रुग्णसेवा केली. आज संग्रहालय म्हणून तिथे रुग्णांच्या खाटा जशाच्या तशा मांडलेल्या आहेत, पण ते चित्र मोठ्या दालनात नाही. मंद उजेडाच्या, हवामान नियंत्रित असलेल्या वेगळ्या खोलीत ते हलवले आहे. ज्या दालनासाठी ते रंगवले गेले, त्याच दालनातली हवा त्याला आता मानवत नाही, असा निर्णय तिथल्या लोकांना घ्यावा लागला.

मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथील ओस्पिसियो काबान्यास हे मला याला अपवाद वाटते. अनाथ, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी मानुएल तोल्सा याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रचलेली ती वास्तू अशक्त माणसालाही जिन्याशिवाय फिरता यावे म्हणून मुख्यतः एकमजली ठेवलेली आहे, आणि चौकामागून चौक अशी ती पसरत जाते. होसे क्लेमेंते ओरोस्को याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर आणि छतावर जी भित्तिचित्रे काढली, ती ओल्या चुन्यावरच्या पद्धतीची असल्यामुळे भिंतीचाच भाग होऊन बसली आहेत. तिथे चित्र आणि इमारत यांचे भांडणच राहिले नाही.

आता मुंबई. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, गोष्ट माद्रिदच्या अगदी उलट्या क्रमाने घडली, आणि म्हणूनच तिच्यावरून जास्त कळते. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढच्या पंचम जॉर्जच्या, हस्ते पायाभरणी झाली. १९०९ च्या खुल्या स्पर्धेतून जॉर्ज विटेट यांचा आराखडा निवडला गेला आणि १९१४ मध्ये इमारत तयार झाली. तेवढ्यात महायुद्ध पेटले. संग्रहालयातील वस्तू आत येण्याआधी जखमी सैनिकच आत आले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जहाजांनी येणाऱ्या जखमींसाठी मुंबई हे मोठे बंदर होते आणि अशा काळात नवी, मोकळी, हवेशीर इमारत रिकामी ठेवणे शक्यच नव्हते. लष्करी इस्पितळ आणि बालकल्याण केंद्र म्हणून तिचा वापर झाला. १९२० मध्ये ती संग्रहालयाच्या समितीकडे परत आली आणि १० जानेवारी १९२२ रोजी लोकांसाठी उघडली.

विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे जातो तेव्हा घुमटाकडे सगळे आपणहून पाहतात; विजापूरच्या गोल घुमटाशी असलेले त्याचे नाते मार्गदर्शक सांगतोच. कुर्ल्याचा करडा बसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड यांची जोडी, नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून आत बसवलेले लाकडी कमानींचे काम, हेही दाखवले जाते. मी त्यांना दालनांच्या बाहेरच्या अंगाला नेतो. बाहेर आलेले सज्जे, खोल सावली देणारे छज्जे, उंच खिडक्या, आरपार वाहू शकणारा वारा. मग विचारतो, हे सगळे नकाशावर पाहून तुम्ही हे संग्रहालय आहे असे ओळखले असते की इस्पितळ? उत्तर सहसा लगेच येत नाही.

आणि येऊही नये, कारण १९१४ साली या दोन्ही प्रकारच्या इमारतींच्या गरजा आजच्याइतक्या दूर गेलेल्या नव्हत्या. संग्रहालय दिवसाच्या उजेडात पाहायचे असे आणि पाहणाऱ्याला उकडू नये म्हणून वाऱ्याची सोय इमारतीनेच करायची असे. विटेट यांच्या हाताखाली संग्रहालय आणि रुग्णालय एकाच टेबलावर आखले जात होते, हे तर अक्षरशः खरे आहे: १९२६ मध्ये सुरू झालेले परळचे केईएम रुग्णालय आणि त्याचे गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांचे वास्तुविशारदही तेच. वर मी उजेड-वाऱ्याचे आणि चित्राचे जे वैर सांगितले, ते सार्वत्रिक वीज आणि वातानुकूलन आल्यानंतरच्या काळातले आहे. तोपर्यंत चित्र सोसत होते आणि हळूहळू विटत होते. आपल्याला ते मोजता येत नव्हते इतकेच. त्यामुळे जुन्या इमारतीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिच्याकडून आपण आता वेगळे काहीतरी मागतो आहोत.

या शहरात डॉक्टर आणि संग्रहालय यांचे नाते त्याहूनही जुने आहे, ते जाता जाता सांगतो. राणीच्या बागेतील संग्रहालयाला १९७५ पासून ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, आणि त्या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांच्यासोबत असलेले जॉर्ज बर्डवुड हेही डॉक्टरच.

विद्यार्थिनीच्या प्रकल्पाकडे वळण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोरच्या, रस्त्यापलीकडच्या वास्तूचा उल्लेख करणे भाग आहे. विटेट यांनीच रचलेले, १९११ चे सर कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे मुंबईतील दालन म्हणून उघडले. ते इस्पितळ नव्हते, सभागृह होते. पण जुन्या कवचात नवी रचना उभी करणे म्हणजे काय, हे पाहायला मुंबईत याहून सोयीची जागा नाही. बाहेरची वास्तू जशीच्या तशी आणि आत एकावर एक अशी अर्धवर्तुळाकार दालने चढत गेलेली. तिथे चित्रांना हवा तसा कृत्रिम उजेड मिळाला, मात्र आत उभे राहून मूळ सभागृह केवढे होते याचा अंदाज येत नाही. हा सौदा पटतो की नाही हे प्रत्येकाने स्वतः जाऊन ठरवावे. मला तो निम्मा पटतो.

आता प्रत्यक्ष काम. वॉर्डाची इमारत हाती आली की मी सर्वांत आधी तिच्या जमिनी आणि छते तपासतो, कारण तिथे चूक झाली तर पुढचे सगळे निरर्थक असते. भारतीय मानकात रुग्णालयाच्या वॉर्डासाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन (म्हणजे साधारण दोनशे किलो वजनाइतका) वापराचा भार धरतात. संग्रहालयाच्या प्रदर्शन-दालनासाठी तो ४, म्हणजे दुप्पट आहे. खाटा ठरावीक जागी आणि विरळ असतात, तर एखाद्या उद्घाटनाला दोनशे माणसे एकाच शिल्पाभोवती गर्दी करतात. सागवानी तुळयांवरची किंवा लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या लहान कमानी भरून केलेली जमीन हा जादा भार घेईल का, हे तुळईची टोके उघडी करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथेच ओल आणि वाळवी असते, आणि वॉर्डाच्या टोकाच्या संडास-मोरीशेजारी ती हमखास असते.

त्यानंतर भिंती. इस्पितळाच्या भिंती वर्षानुवर्षे धुतल्या गेलेल्या असतात. मूळ चुन्याच्या गिलाव्यावर नंतरच्या काळात सिमेंटचा गिलावा, त्यावर कमरेएवढा तैलरंग किंवा चकचकीत फरशी, असे थर चढलेले आढळतात. चुन्याची भिंत श्वास घेते. आत आलेली ओल ती बाहेर सोडते. सिमेंट आणि तैलरंग ती वाट बंद करतात, मग ओल वर चढत जाते, आणि रंगाचा पट्टा जिथे संपतो तिथे क्षारांचे पांढरे फुलोरे दिसू लागतात. अशा भिंतीला चित्र लावणे म्हणजे त्याच्या पाठीला ओले फडके बांधणे. सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा आणि तो सुकायला किमान एक पावसाळा मधे जाऊ द्यावा, असा सल्ला मी देतो. मालकांना तो आवडत नाही, कारण उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते.

खिडक्यांच्या बाबतीत घाई केल्याचे फळ मी स्वतः भोगले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जुन्या दवाखान्याच्या छोट्या भागात चित्रदालन करायचे होते. मालकांच्या आग्रहाला मान देऊन आम्ही झडपांच्या खिडक्यांवर आतून प्लायवूड ठोकले, त्यावर पांढरा रंग दिला आणि वातानुकूलन बसवले. मे महिन्यात दालन देखणे दिसत होते. जुलैत चित्रांच्या पाठीमागे बुरशी धरली. कारण अगदी शालेय विज्ञानातले होते: बाहेरची हवा ३० अंशांवर आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल तर साधारण २७ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर तिचे पाणी होते, आमचे प्लायवूड आतून २४ अंशांवर थंड केलेले होते आणि जुन्या झडपांच्या फटींतून दमट हवा त्याच्या पाठीशी बिनदिक्कत येत होती. भरीला विजेचे बिल वाचवायला रात्री यंत्र बंद करत. दररोज गार-गरम, कोरडे-दमट असे हेलकावे खाण्यापेक्षा ती चित्रे एखाद्या सावलीच्या खोलीत नुसत्या पंख्याखाली अधिक सुखात राहिली असती.

तेव्हापासून मी खिडकी झाकतो तेव्हा तिच्यापासून दीड-दोन फूट आत स्वतंत्र भिंत उभी करतो, जुन्या चौकटीला खिळाही न मारता. मधल्या पोकळीला बाहेरच्या हवेशी जोडलेले ठेवतो, आतल्या भिंतीला उष्णतारोधक थर आणि बाष्परोधक पडदा देतो, आणि पोकळीत माणूस शिरून पाहणी करू शकेल असे छोटे दार ठेवतो. यात वॉर्डाची चोवीस फुटांची रुंदी वीसवर येते, पण चित्र पाहायला मागे सरकण्यासाठी तेवढी पुरते. लांब, अखंड भिंतही मिळते. शिवाय बाहेरून पाहणाऱ्याला झडपा जशाच्या तशा दिसतात, आणि वारसा इमारतींच्या नियमावलीखाली येणाऱ्या इमारतीसाठी परवानगी मागताना हा मुद्दा फार कामाला येतो.

इस्पितळाने संग्रहालयाला दिलेल्या देणग्याही कमी नाहीत. खाटेसकट रुग्ण नेता यावा म्हणून दारे रुंद असतात. त्यांतून मोठी चित्रे आणि पेट्या सहज जातात. स्ट्रेचर वळावे म्हणून जिने प्रशस्त आणि उताराचे असतात; आगीच्या वेळी माणसे बाहेर काढायला तेच उपयोगी. टोकाचा संडास-मोरीचा भाग मूळ वॉर्डापासून मुद्दाम अलग ठेवलेला असतो, त्यामुळे हवेच्या नळ्या, पाण्याचे नळ आणि यंत्रे तिथे नेली की मुख्य दालनाला छेद द्यावा लागत नाही. एकच खोट मोठी आहे. नाइटिंगेल यांच्या पद्धतीचे वॉर्ड एका लांब ओवरीतून फणीच्या दातांसारखे बाहेर येतात, आणि प्रत्येक दात टोकाला बंद असतो. माद्रिदसारखी प्रदक्षिणा इथे होत नाही. पाहणारा आत जातो आणि त्याच वाटेने परततो. यावर दोन दातांची टोके बाहेरून हलक्या, काढता येणाऱ्या पुलाने जोडणे हा उपाय आहे. त्याऐवजी प्रत्येक वॉर्डाला एक संपूर्ण विषय देऊन परतीचा रस्ता हाच मांडणीचा भाग करणेही शक्य आहे. मला दुसरा उपाय आवडतो, कारण तो स्वस्त आहे आणि इमारतीला हात लावत नाही.

आणखी एक गोष्ट विचारलेली नाही, पण सांगतो. जे.जे., कामा, गोकुळदास तेजपाल ही एकोणिसाव्या शतकातील रुग्णालये आजही चालू आहेत आणि त्यांच्या दारात पहाटेपासून रांगा असतात. देखणे जुने बांधकाम दिसले की तिथे ‘कलादालन’ सुचवण्याची आपल्या व्यवसायात एक सवय पडली आहे. जिथे अजून रुग्ण येतात तिथे वास्तूचे उत्तम जतन म्हणजे गळकी छपरे दुरुस्त करणे आणि झडपा पुन्हा उघडत्या करणे. आपण रिकामी पडलेली इमारत निवडली हे बरे केले.

त्या इमारतीसाठी माझा सल्ला असा की आधी संग्रह ठरवून नंतर इमारतीला त्याच्या मापाने कापू नये. प्रत्येक वॉर्ड काय सोसू शकतो हे पाहून त्यात काय मांडायचे ते ठरवावे. उत्तरेकडचे, वऱ्हांड्याच्या सावलीतले एक-दोन वॉर्ड झाकून, थंड करून तिथे कागद, वस्त्र आणि तैलचित्रे ठेवा. बाकीच्यांच्या झडपा उघड्या राहू द्या आणि तिथे दगड, भाजलेली माती, मीनाकारीच्या फरशा अशा वस्तू मांडा. पाषाणमूर्तीला जुलैच्या दमट वाऱ्याचे काही वाटत नाही, फक्त पावसाची झड थेट येऊ देऊ नये. धातूला मात्र समुद्राची खारी हवा लागते, तेव्हा कांस्यमूर्ती काचपेटीतच ठेवाव्यात. आणि नकाशा काढायला बसण्याआधी प्रत्येक वॉर्डात तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी दोन छोटी उपकरणे लावून ठेवा, एक खिडकीजवळ आणि एक आतल्या भिंतीपाशी. सुरुवात मे महिन्याच्या मध्यावर करा, म्हणजे पावसाच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे हाती येतील. गणपतीपर्यंतच्या नोंदी पाहिल्या की कोणता वॉर्ड कशासाठी, यातले निम्मे वाद आपोआप मिटतात.